न दिलेला नकार

सुचितानं ठमाबाईच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा जाड चष्मा चढवला आणि त्याचा पट्टा अंबाड्यामागे ओढून बसवला. अंबाड्यात सकाळी माळलेला अबोलीचा वळेसर होता. तो चुरगळू नये म्हणून तिनं पट्टा दोन बोटं वर सरकवला.

“घट्ट झाला का, मावशी?”

“घट्ट न्हाय गो. पन सगलं हिरवं दिसतंय. दर्यात बुडल्यासारकं.”

डॉक्टर विनेश राऊत हसले. त्यांनीही तसाच चष्मा लावला, सुचितानंही लावला. चौल नाक्यावरच्या त्या दातांच्या दवाखान्यात लेझरचं यंत्र येऊन चार महिने झाले होते. शाळेच्या दप्तराएवढी पांढरी पेटी आणि तिच्यातून निघालेली गळाच्या तंगूसासारखी बारीक तार, एवढंच ते यंत्र. पण दाराबाहेरच्या नव्या फलकावर ‘कापणे नाही, टाके नाहीत, रक्त नाही’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, आणि तो वाचून अलिबागपासून माणसं यायला लागली होती. तारेचं टोक कसं छाटायचं, कुठल्या कामाला पेटीवर कुठला आकडा लावायचा, हे सगळं सुचिताला पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी ती इथे नुसती नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला लागली होती. आता डॉक्टर मागे न बघता हात पुढे करत आणि हवी ती वस्तू त्यांच्या तळव्यावर येई.

ठमाबाई ही तिच्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा सुचिता नऊ वर्षांची होती. त्यानंतर लग्न होईपर्यंत ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यात ठमाबाईच्याच घरी वाढली, तिच्या मुलाच्या, गणराजच्या पाठीला पाठ लावून. बाजारात मासळी घेऊन बसायचं, सकाळ-संध्याकाळ दातांना मशेरी लावायची, हा ठमाबाईचा चाळीस वर्षांचा क्रम. दोन महिन्यांपूर्वी कोळीवाड्यात दातांचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली, की मोठ्या दवाखान्यात जाऊन तुकडा काढून तपासून घ्या. ती चिठ्ठी देवाच्या फळीवर तशीच पडून राहिली. सुचिताच्या हाती ती परवा लागली, आणि तिनं मावशीला बाजारातून उठवून थेट इथे आणलं होतं.

डॉक्टरांनी गालात भूल दिली, आरशानं गाल ओढून धरला आणि बराच वेळ आत पाहिलं. चट्टा रुपयाएवढा होता, कडेला जरा खरखरीत.

“सुचिता, तुकडा ठेवायची ती औषधाची छोटी बाटली काढ,” ते म्हणाले. “कडेचा एक तुकडा घेऊ आणि पनवेलला तपासायला पाठवू. बाकीचं नंतर बघू.”

बाटली कपाटात वरच्या खणात होती. सुचितानं ती काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि मग डॉक्टरांच्या कानाशी वाकली. थुंकी ओढून घेणारी नळी ठमाबाईच्या तोंडात घरघरत होती.

“सर, तुकडा काढला तर रिपोर्ट येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबावं लागेल. ती परत नाही यायची. दोन महिने चिठ्ठी लपवून बसलीये. कापायचं नाव काढलंत तर आत्ता खुर्चीतून उठून जाईल.”

“नक्की?”

“मी ओळखते ना तिला. आज आहे तोवर सगळाच काढून टाका.”

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर चार जण बसले होते. त्यांनी पुन्हा एकदा चट्ट्यावरून आरसा फिरवला.

“दिसायला तर साधाच वाटतोय,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “बरं. जाळूनच टाकू.”

सुचितानं बाटली परत कपाटात ठेवली आणि पेटीवर आकडा लावला.

बारा मिनिटं लागली. सुक्या बोंबलाचा तुकडा निखाऱ्यावर पडावा तसा वास खोलीत भरला. सुचिता नळीनं धूर ओढत राहिली. रक्ताचा थेंब आला नाही. पांढऱ्या चट्ट्याच्या जागी तांबूस-काळी खपली तेवढी उरली. चष्मा काढल्यावर ठमाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

“झालं? येवढंच?”

“एवढंच, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “पण मशेरी बंद. आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.”

“तू बोलवशील तवा येईन, डाकतर. मी काय पलून जाते?”

---

चौथ्या दिवशी ठमाबाई ताज्या सरंग्यांची जोडी घेऊन दवाखान्यात आली. पंधरा दिवसांत गाल आतून लहान मुलासारखा गुलाबी झाला. मग तिनं बाजारात जे सुरू केलं ते कुठल्याही फलकाला जमलं नसतं. गिऱ्हाईक नसलं की ती शेजारच्या नलूला बोलवायची, तोंड वासायची आणि आत बोट घालून दाखवायची.

“बघ, हितं व्हता. सुरी न्हाय, टाका न्हाय. उजेडानं जाळला. आमच्या सुचीनं केलं सगलं.”

नलू आली. नलूची जाऊ आली. थेरोंड्याहून, कोर्लईहून बायका आल्या आणि दारातूनच विचारायला लागल्या, “सुचिताबाय हायत का?” डॉक्टर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “तुझ्या मावशीला पगार सुरू करायला पाहिजे.” सुचिता हसली. त्या दिवसांत तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. नवरा, जीवन, दिघीच्या बंदरात ठेकेदाराकडे असे, काम असेल तेव्हा. घरातला भरवशाचा कामधंदा तिचाच. आणि आता त्या कामाला नावही होतं.

तीन महिन्यांनी ठमाबाई दाखवून गेली. गाल चांगला होता. पुढच्या तीन महिन्यांनी पावसाळा लागला होता, होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि ठमाबाई काशीदला भावाकडे राहायला गेली होती. सुचितानं वहीतलं तिचं नाव पाहिलं. फोन करावा असं तिच्या मनात आलंही. मग कुणाची तरी दाढ दुखत आली आणि पान उलटलं गेलं.

नारळी पौर्णिमा झाल्यावर ठमाबाई परत आली, ती गालाला हात लावूनच.

“चावलं गेलं असन,” ती म्हणाली. “जकम भरत न्हाय.”

डॉक्टरांनी आरसा आत घातला. त्याच जागी जखम होती, कडा उचललेल्या. त्यांनी बोटानं कड दाबून पाहिली, मग जबड्याखाली मानेत चाचपलं. तिथे बोट थांबलं. सुचितानं ते थांबलेलं बोट पाहिलं आणि हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टरांनी हातमोजे काढले, ते काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“मावशी, मुंबईला जायचंय. उद्याच.”

---

मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयात गणराज आणि सुचिता दोघंही ठमाबाईबरोबर गेले. गणराज होडीवरचा माणूस, अंगानं दांडगा. पण तिथल्या रांगांमध्ये तो हातातल्या फाईलसकट गप्प उभा राही. फॉर्म सुचिता भरत होती, डॉक्टरांशी तीच बोलत होती. पहिल्या फेरीत तिथे तुकडा काढला गेला. ठमाबाईनं गाल पुढे केला आणि ती हूं की चूं न करता बसून राहिली. आठ दिवसांनी निदान हाती आलं. कर्करोग गालातून जबड्याच्या हाडाला लागला होता. गाल आणि खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागणार होता.

टेबलामागे बसलेली तरुण डॉक्टर सगळी हकिकत लिहून घेत होती.

“आधी या जागी काही केलं होतं?”

“हो. जानेवारीत लेझर केलं होतं,” सुचिता म्हणाली.

“त्याचा रिपोर्ट?”

“रिपोर्ट नाहीये.”

“म्हणजे हरवला? की तुकडा पाठवलाच नव्हता?”

“पाठवला नव्हता.”

त्या मुलीचं पेन थांबलं. तिनं सुचिताकडे पाहिलं, मग ठमाबाईकडे.

“म्हणजे काय जाळलं तेच कुणाला माहीत नाही,” ती हलक्या आवाजात म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

परतताना मांडव्याच्या लाँचमध्ये ठमाबाई बाकावर डोळे मिटून बसली होती. गणराज कठड्याशी सुचिताजवळ येऊन उभा राहिला.

“ती डाकतरीन बोलली त्याचा अर्थ काय?”

“कशाचा?”

“जानेवारीत तपासलं असतं तं तवाच कलालं असतं, असंच ना?”



“कळलं असतं,” सुचिता पाण्याकडे बघत म्हणाली. “कदाचित.”

“मंग त्यानं तपासलं का न्हाय?”

“सरांना विचारते मी.”

“तू न्हाय. मी विचारतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला. बाहेरच्या बाकावर सहा माणसं होती. त्यांच्यासमोर तो ओरडला, की माझ्या आईचं तोंड जाळलंस, काय जाळलंस ते बघितलंसुद्धा न्हाईस, तुझा हा फलक उतरवतो आणि तुला कोर्टात उभा करतो. दोन माणसं उठून निघून गेली. डॉक्टर आतल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी आवाज चढवला नाही. गणराजनं सुचिताकडे पाहिलंही नाही. तिचा या सगळ्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

---

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

“सुचिताताई, बसा.”

सहा वर्षांत त्यांनी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. आजवर ती ‘सुचिता’ होती, ‘तू’ होती. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

टेबलावर एक छापील कागद होता. वर ठमाबाईचं नाव, वय, पत्ता. तारीख जानेवारीतली. खाली तीन ओळी: पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासणी करणे आवश्यक असल्याचे मला समजावून सांगण्यात आले. तशी तपासणी करण्यास मी नकार दिला. त्याच्या परिणामांची जबाबदारी माझी राहील.

“त्या वेळी ही सही घ्यायची राहून गेली,” डॉक्टर म्हणाले. “तेवढी घेऊन या.”

“सर, पण मावशी नाही म्हणाली नव्हती.”

“तुम्हीच म्हणाला होतात, की ती तयार होणार नाही.”

“मी म्हटलं होतं. तिला आपण विचारलं नव्हतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. कोळीवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे दात त्यांनी काही न घेता काढले होते.

“मी बाटली काढायला सांगितली होती, ताई. हे तुम्हाला माहितीये आणि मला माहितीये. उद्या चौकशी झाली तर मला विचारतील, मग परत का ठेवली? मला खरं सांगावं लागेल. तुमचं नाव घ्यावं लागेल.” ते थांबले. “ते मला नकोय. तुमच्या घरातलीच बाई आहे. गणराजला काय वाटेल?”

पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचं टोक उचललं गेलं. सुचितानं त्यावर हात ठेवला. मग त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

---

ठमाबाई अंगणात बोंबील सुकवायच्या मांडवाखाली बसली होती. सोमवारी तिला दाखल व्हायचं होतं. समोर नलू बसली होती आणि ठमाबाई तिला आपल्या बाजारातल्या जागेचं सांगत होती: कुठला पाट, कुठली सुरी, कुठल्या हॉटेलवाल्याला कुठली मासळी. तोंड आता दोन बोटंच उघडत होतं. शब्द दातांआडून निसटत बाहेर यायचे.

सुचिता आलेली बघून नलू उठली. “बस गो, मी चाय टाकते,” म्हणत आत गेली.

“गणराज कुठं हाय?” सुचितानं विचारलं.

“जेटीवर. त्यानं दवाखान्यात तमाशा केला म्हनं. मना नलूनं सांगलं.” ठमाबाईनं मान हलवली. “त्याचा राग बापावर गेलाय. तू मनावर घेव नको.”

सुचितानं पर्स उघडली. दवाखान्यातून निघाल्यापासून ती मनात वाक्य जुळवत होती. रेवदंड्याच्या नाक्यापर्यंत ते जुळलं होतं. आता मांडवाखाली बसल्यावर त्यातला पहिला शब्दच सापडेना.

“मावशी, एक कागद हाय. तुझी सही पायजे.”

“मुंबईचा?”

“न्हाय. आमच्या दवाखान्याचा. जानेवारीतला.”

“काय लिव्हलंय?”

सुचितानं वाचून दाखवलं. छापील भाषा तिच्या तोंडून अडखळत बाहेर पडली. ठमाबाई लक्ष देऊन ऐकत होती, बाजारात लिलाव ऐकते तशी, डोकं एका बाजूला कलवून.

“म्हंजे काय?”

“म्हंजे...” सुचितानं कागदाची कड दुमडली आणि परत सरळ केली. “तवा तुकडा काढून तपासायला पाठवायचा व्हता. तू न्हाय बोललीस. असं.”

ठमाबाईच्या कपाळावर आठी पडली. सुचिताला वाटलं, आता ती म्हणेल, मना कुनी इचारलं? त्या एका प्रश्नाची वाट बघत ती बसून राहिली. तो आला असता तर तिनं कागद फाडला असता, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

“मी बोलली?” ठमाबाई म्हणाली. “न्हाय बोलली मी?”

सुचितानं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, तिचं तिलाही कळलं नाही.

“मना आठवत न्हाय गो.” ठमाबाई मांडवावरच्या बोंबलांकडे बघत आठवायला लागली. “तो हिरवा चष्मा आठवतो. तू पट्टा वर केलास, ते आठवतं. मंग ती नली घरघरत व्हती. तुमी कायतरी बोलत व्हता. मना वाटलं तुमचं कामाचं बोलनं हाय.” ती थांबली. “तू सांगतेस तं बोलली असन. सुई टोचल्यावर माज्या तोंडाला भान नव्हतं.”

“मावशी...”

“पन मी न्हाय का बोलली असन?” तिनं अगदी मनापासून विचारलं, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल विचारावं तसं. “मी भिनारी न्हाय. मुंबईत तुकडा काढला तवा मी हूं केलं का? ती शिबिराची चिठ्ठी पन मी भिऊन न्हाय ठेवली. मना येकटीला फारम भरता येत न्हाय. गणराज बोटीवर, तू कामाला. म्हटलं, तुला सुट्टी असन तवा तुज्यासंगती जाऊ.”

आत नलूनं स्टोव्हला पंप मारला. सुचितानं मांडीवरच्या कागदाची पुन्हा घडी घातली.

“मना सांगायचं व्हतंस, मावशी. चिठ्ठीचं.”

“सांगनारच व्हती. तवर तूच आयलीस आनि घेऊन गेलीस.” ठमाबाईनं हात पुढे केला. “आन हिकडं. कुठं करू?”

ती अंगठा देत नसे. साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती, आणि बँकेत कुणी शाईचा डबा पुढे केला तर तिला राग येई. तिनं कागद पाटावर ठेवला, पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर जागेवर बसवत सगळं नाव लिहिलं. ‘ठ’च्या पोटात शाई जरा पसरली.

“येडी मी,” पेन परत देताना ती म्हणाली. “माज्याच तोंडानं माजं वाटोलं केलं. आनि पोरगा त्या डाकतराच्या अंगावर धावतो.” तिनं पदरानं ओठाची कड पुसली. “मी सांगते गणराजला. तू कालजी करू नको.”

नलूनं चहा आणला. ठमाबाईला कपानं पिता येत नव्हतं. ती बशीत थोडा थोडा ओतून उजव्या बाजूनं ओढत राहिली. सुचिता आपला चहा संपवून उठली.

---

शनिवारी गणराज दवाखान्यात आला. या वेळी त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. डॉक्टर पेशंटवर होते, तो बाकावर बसून राहिला आणि त्यांचं काम संपल्यावर आत गेला.

“आयनं सांगलं मना,” तो मान खाली घालून म्हणाला. “तिनंच तपासायला न्हाय म्हटलेलं. मी उगाच तोंड सोडलं. चूक झाली, साहेब.”

“असू दे, असू दे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आईला बरं वाटेल. काही लागलं तर सांग.”

सुचिता बेसिनशी उभी राहून अवजारं धूत होती. धुऊन झालेली अवजारं तिनं पुन्हा पाण्याखाली धरली. निघताना गणराज तिच्यापाशी थांबला.

“तुला तवा किती वाईट वाटलं असन, न्हाय? तू आनलीस आनि ती आयकली न्हाय. आयचं असंच हाय.”

त्यानंतर डॉक्टर एकही पांढरा चट्टा न तपासता जाळत नसत. सुचिता न सांगता ट्रेमध्ये बाटली ठेवी आणि ते न बोलता त्यात तुकडा टाकत. त्या विषयावर दोघांत पुन्हा एक शब्द झाला नाही. ते तिला परत ‘सुचिता’ म्हणायला लागले. दिवाळीत पगार वाढला. कागद फाईलमध्ये गेला, फाईल खालच्या कपाटात.

---

ठरल्याप्रमाणे त्या सोमवारीच ठमाबाई दाखल झाली होती. ऑपरेशन नऊ तास चाललं. जबड्याचा डावा भाग काढला, मांडीचं मांस आणून गाल बुजवला. पहिल्या रविवारी सुचिताला आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या रविवारी गणराजनं तिला वॉर्डात नेलं आणि तो औषधं आणायला खाली गेला.

ठमाबाई उशीला टेकून बसली होती. नाकात नळी, गळ्याला भोक पाडून बसवलेली दुसरी नळी. चेहऱ्याची डावी बाजू फुगून चकाकत होती आणि तिच्यावर टाक्यांची ओळ उतरत गेली होती. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी होती. त्या बाजूच्या डोळ्यानं तिनं सुचिताला ओळखलं आणि हात पुढे केला. बोलता येत नव्हतं.

सुचिता स्टुलावर बसली. तिनं तो हात हातात घेतला. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात चाळीस वर्षं घातलेला हात, पण पंधरा दिवसांत मऊ पडला होता. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती.

ठमाबाईनं दुसऱ्या हातानं आपल्या गालाकडे खूण केली, मग आपल्याच कपाळावर बोटं मारून घेतली. माझंच नशीब, माझीच अक्कल. तिनं ते दोनदा केलं. दुसऱ्यांदा करताना उजव्या डोळ्यातून पाणी आलं.

सुचितानं तिचं बोट कपाळावरून खाली घेतलं.

“तू न्हाय बोलली नव्हतीस, मावशी,” ती म्हणाली.

ठमाबाई बघत राहिली.

“तुला कुनी इचारलंच न्हाय. डाकतरनं बाटली काढायला सांगली व्हती. मी त्यांच्या कानात बोलले, की ही परत यायची न्हाय, सगला जाळून टाका. तुज्या तोंडात नली घरघरत व्हती, तवा. आनि मंग तुज्याकडं कागद घेऊन आयली, ती पन मीच.”

एवढं बोलून ती थांबली. पुढे काही म्हणायचं होतं. मला वाटलं होतं तू घाबरशील, मला तुझं भलंच करायचं होतं. पण ती वाक्यं तिनं इतक्या वेळा मनात म्हटली होती, की आता ती तोंडात घेववेनात.

ठमाबाईच्या गळ्यातल्या नळीतून श्वासाचा आवाज येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर. तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते समजायला चेहरा पुरेसा उरला नव्हता. तिनं आपला हात सुचिताच्या हातातून काढून घेतला. हिसडा दिला नाही. हळूच काढला आणि चादरीखाली ठेवला.

गणराज औषधांची पिशवी घेऊन आला.

“काय बोलता दोघी?” त्यानं विचारलं. मग आईकडे वाकला. “काय पायजे, आये? पानी? नर्सला बोलवू?”

ठमाबाईनं मान हलवली. चादरीतून हात बाहेर काढून तिनं खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या सुचिताच्या पिशवीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे.

गणराजला क्षणभर कळलं नाही. मग त्याचा चेहरा उजळला.

“लाँच चुकंल म्हनते तुजी,” तो सुचिताला म्हणाला. “बघ, अशा हालात पन तुजी कालजी हाय तिला.” तो आईकडे वळला. “आये, अजून पाच वाजले न्हाईत. बसू दे की थोडं. कवढ्या लांबून आयली ती.”

ठमाबाईचं बोट दाराकडेच होतं.

सुचिता उठली. तिनं पिशवी घेतली. आत नलूनं दिलेली अबोलीची पुडी होती. वॉर्डात फुलं चालत नाहीत असं खाली रखवालदारानं सांगितलं होतं, म्हणून ती तशीच राहिली होती.

“जा गो,” गणराज म्हणाला. “ती काय आता आयकनार न्हाय. पुढल्या ऐतवारी ये.”

दारापाशी तिनं वळून पाहिलं. गणराज पलंगाचा दांडा फिरवून आईची उशीकडची बाजू खाली घेत होता. ठमाबाईनं तोंड भिंतीकडे केलं होतं, त्यामुळे दारातून दिसत होती ती फक्त टाक्यांची बाजू.

जिन्यात माणसांची गर्दी होती. भेटायची वेळ संपायला अजून तास होता आणि सगळी माणसं वर चढत होती. सुचिता कठड्याला अंग चोरून एकेक पायरी खाली उतरत राहिली.